कान दुखतो, पण सुरुवात नाकामागे होते

लोणावळ्याहून खोपोलीकडे गाडी उतरायला लागली की कानाला दडे बसतात. पुण्या-मुंबईची ये-जा करणाऱ्या प्रत्येकाने हे अनुभवलंय. आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, मग आपण आवंढा गिळतो किंवा जांभई देतो, कानात 'टक्' होतं आणि सगळं मोकळं होतं. मी पुण्यात लहान मुलांच्या श्रवणचाचण्या करते. बाळाच्या कानदुखीबद्दल आईबाबांना समजावायचं असलं की मी याच घाटापासून सुरुवात करते. तो 'टक्' कसला, हे एकदा कळलं की निम्मा आजार कळतो.

कानाच्या बोळाच्या टोकाशी ताणून बसवलेली पातळ कातडी म्हणजे कानाचा पडदा. पडद्याच्या अलीकडे बाहेरचा कान. पलीकडे फार तर शेंगदाण्याएवढी एक पोकळी आहे, तो मधला कान. त्या पोकळीत तीन इवलीशी हाडं एकमेकांत अडकवून ठेवलेली असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची, आपल्या शरीरातलं सगळ्यांत लहान हाड. आवाजाने पडदा हलला की ही तिन्ही हाडं हलतात आणि ती थरथर आतल्या कानापर्यंत पोचते. पडदा नीट हलायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा हवा. बाहेरच्या बाजूला हवा आहेच. आतल्या पोकळीला ती मिळते एका बारीक नळीतून. ही नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते आणि तिथून थेट मधल्या कानात जाते. १६व्या शतकातले इटालियन शरीररचनातज्ज्ञ बार्तोलोमेओ युस्टाकी यांच्या नावावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. एरवी ती मिटलेली असते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात. घाटातला 'टक्' हा त्याच उघडण्याचा.

आता बाळाचा कान बघू. मोठ्या माणसात ही नळी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब असते आणि नाकामागून कानाकडे चांगला ४५ अंशांचा चढ चढून जाते. बाळात तिची लांबी जवळपास निम्मी, आणि चढ म्हणाल तर १० अंशांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आडवीच. तिला उघडणारे स्नायूही अजून पुरते तयार झालेले नसतात. त्यात तिच्या तोंडापाशीच अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकामागचे टॉन्सिल, वाढत असतात. बाळाला सर्दी झाली की नाकातलं अस्तर सुजतं आणि त्याबरोबर नळीचं तोंडही सुजून बंद होतं. पोकळीत अडकलेली हवा अस्तरात शोषली जाते, आतला दाब उतरतो, पडदा आत ओढला जातो आणि रिकाम्या जागेत पाणी झिरपायला लागतं. न्यूमोकोकस, हिमोफिलस, मोराक्सेला हे जिवाणू बऱ्याच लहान मुलांच्या नाकात एरवी निमूट बसलेले असतात. आखूड, आडव्या नळीतून ते त्या पाण्यात पोचले की पाण्याचा पू होतो. पोकळी केवढी, तर शेंगदाण्याएवढी. पुवाला जागा पुरत नाही, तो पडद्याला बाहेर ढकलतो. पडदा फुगतो, आणि रात्री दोन वाजता बाळ किंचाळत उठतं.

रात्रीच का? आडवं झालं की त्या भागातली सूज आणि दाब वाढतो. म्हणूनच दिवसभर शेंबडं नाक घेऊन हसतखेळत हिंडणारं मूल झोपल्यावर दोन तासांनी रडायला लागतं आणि खांद्यावर उभं धरलं की जरा निवतं.

हा आजार सगळ्यांत जास्त दिसतो तो ६ महिने ते २ वर्षं या वयात. मूल वाढतं, चेहऱ्याची हाडं लांबतात, नळी लांब आणि उतरती होते, आणि पाच-सहा वर्षांनंतर बहुतेक मुलांचा हा त्रास मागे पडतो. पाळणाघरात जायला लागल्यावर पहिल्या वर्षात तो वाढतो, कारण एकामागून एक सर्दी घरी येते. 'पाळणाघरात ठेवलं म्हणून असं झालं' असं म्हणत स्वतःला दोष देणाऱ्या कितीतरी आया मी पाहिल्या आहेत. त्यांना मी मनापासून सांगते, यात तुमचं काही चुकलेलं नाही.

घरोघरी या दुखण्याची दोन कारणं ठरलेली असतात: 'न्हाताना कानात पाणी गेलं' आणि 'कानाला वारा लागला'. पडदा शाबूत असेल तर अंघोळीचं पाणी त्याच्यापलीकडे जाऊच शकत नाही, वारा तर नाहीच. कानटोपी जरूर घाला, डिसेंबरातल्या पुण्याच्या पहाटे ती हवीच. पण ती नसली म्हणून मधल्या कानात पू होत नाही. दुखणं वर आलं नाकामागून, आणि आपण राखण करतो बाहेरच्या दाराची.

म्हणूनच लसणाचं तेल. लसूण कडकडीत तळून ते तेल कोमट करून कानात सोडायचं, हा उपाय आमच्याही घरात होता. सोडणाऱ्या हातात माया असते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ते तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं आणि पू पलीकडे असतो. त्यात पडद्याला भोक पडलेलं असेल, आणि ते बाहेरून बघून कळत नाही, तर तेल थेट मधल्या कानात उतरतं. तेल कोमट आहे असं वाटून बाळाचा कान आतून भाजलेलाही असतो. शिवाय तेलाने माखलेल्या बोळातून डॉक्टरांना पडदा धड दिसत नाही, म्हणजे तपासायला नेलं तरी अडचण. आजीला शेकच द्यायचा असेल तर तो बाहेरून द्यावा. सुती फडकं तव्यावर गरम करून आधी आपल्या गालाला लावून बघा आणि मग बाळाच्या कानावर धरा. त्याने खरंच बरं वाटतं.

मालिशवाल्या मावशी रोज अंघोळीआधी टाळूबरोबर कानातही तेल घालतात, नंतर शेगडीवर ओवा-धूप टाकून धुरी देतात. तेल टाळूपुरतं राहू द्या. धुरी मात्र बंद करा, असं मी स्पष्ट सांगते. धुराने नाकातलं अस्तर चिडतं आणि सुजतं. सिगारेटच्या धुरात वाढणाऱ्या मुलांना कानाचा त्रास जास्त होतो हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. बाबा गॅलरीत जाऊन ओढतात म्हणून फरक पडत नाही, धूर कपड्यांबरोबर घरात येतोच.

बोलता न येणाऱ्या बाळाचा कान दुखतोय हे ओळखायचं कसं? कान ओढणं ही खूण सगळे सांगतात, पण तेवढ्यावर जाऊ नका. झोप आली तरी बाळं कान ओढतात, दात येतानाही ओढतात. चार दिवसांची सर्दी, मग अचानक ताप, रात्रीचं न थांबणारं रडणं, आणि दूध प्यायला घेतल्यावर दोन घोट घेऊन तोंड बाजूला करून रडणं, हे एकत्र दिसलं की कानाकडे लक्ष द्यावं. ओढताना-गिळताना कानातला दाब बदलतो आणि कळ येते, म्हणून भूक असूनही ते पीत नाही. पावसाळ्यात आणखी एक घोटाळा होतो. दमट हवेत बाहेरच्या बोळात बुरशी होते, तोही कान दुखतोच. कानाच्या भोकापुढचा लहान उंचवटा हलकेच दाबल्यावर मूल कळवळलं तर दुखणं बहुधा बाहेरच्या कानाचं असतं. मधल्या कानाच्या दुखण्यात तिथे दाबून सहसा फरक पडत नाही. पण पक्कं निदान एकाच गोष्टीने होतं: डॉक्टरांनी ऑटोस्कोप कानाला लावून पडदा बघितला पाहिजे. तो लाल आहे एवढं पुरत नाही, रडून रडूनही लाल होतो. तो फुगलेला आहे का, हे बघायचं असतं.

त्या रात्री पहिलं काम वेदना थांबवण्याचं. यात आईबाबा फार हात आखडता घेतात. तापाचं औषध फक्त तापासाठी, ताप नसेल तर कशाला, असा समज असतो. पॅरासिटामॉल वेदनेवरही काम करतं, आणि कानाची कळ मोठ्या माणसालाही असह्य होते. मात्रा वजनावर ठरते: एका वेळी दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान ४ ते ६ तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. आता बाटली नीट वाचा, कारण चूक इथेच होते. आपल्याकडे थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या एका प्रकारात ५ मिलिलिटरमध्ये १२० आणि दुसऱ्यात ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्यायचे तर थेंबांच्या बाटलीतलं दीड मिलिलिटर, २५० च्या सिरपमधलं ३ मिलिलिटर आणि १२० च्या सिरपमधलं सव्वासहा मिलिलिटर लागतं. 'मागच्या वेळी एक चमचा दिला होता' हा हिशेब धोक्याचा आहे. तीन महिन्यांखालच्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नका. आयबुप्रोफेनही वेदनेवर चांगलं आहे, पण पावसाळ्यात आणि नंतरच्या दोन महिन्यांत पुण्यात डेंग्यू असतो. ताप कशाचा हे कळेपर्यंत ते स्वतःच्या मनाने देऊ नये. अ‍ॅस्पिरिन लहान मुलांना अजिबात नाही.

सर्दीच्या सिरपांनी कान बरा होत नाही. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सिरप ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापायला देशाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलंय. आपल्या कपाटातल्या बाटलीवरची नावं एकदा वाचून बघा.

मग अँटिबायोटिक. औषध लिहिणं माझं काम नाही, पण डॉक्टर कसा विचार करतात हे सांगते, म्हणजे 'काहीच कसं दिलं नाही' असा राग येणार नाही. या आजारातली बरीच मुलं आपोआप बरी होतात. १०० पैकी साधारण ६० मुलांचं दुखणं २४ तासांत थांबतं, अँटिबायोटिक घेतलेलं असो वा नसो. त्यामुळे मूल २ वर्षांपुढचं असेल, ताप फार नसेल, तर डॉक्टर वेदनेचं औषध देऊन दोन-तीन दिवस थांबायला सांगतात. ६ महिने ते २ वर्षांच्या मुलाच्या एकाच कानात आणि सौम्य त्रास असेल तरीही तसं करता येतं. हे दुर्लक्ष नव्हे, लक्ष ठेवून थांबणं आहे. ४८ ते ७२ तासांत उतार पडला नाही तर पुन्हा जायचंच. ६ महिन्यांखालचं बाळ, दोन वर्षांच्या आतल्या मुलाचे दोन्ही कान, १०२ फॅरनहाइटच्या वरचा ताप किंवा कान वाहायला लागलेला, अशा वेळी अँटिबायोटिक लगेच सुरू करतात, बहुतेकदा अमॉक्सिसिलिन. ते सांगितलेल्या दिवसांपर्यंत द्या. मधेच बंद करून उरलेली बाटली पुढच्या आजारासाठी ठेवू नका, पाण्यात कालवलेलं ते सिरप जेमतेम आठवडाभर टिकतं.

कधी कधी पडदा ताण सोसत नाही आणि फुटतो. सकाळी उशीवर पिवळसर डाग दिसतो. घरात हलकल्लोळ होतो, 'कान फुटला!' पण बाळाकडे बघाल तर ते शांत झोपलेलं असतं, कारण दाब मोकळा झालेला असतो. असं बारीक भोक बहुतेक वेळा काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप भरून येतं. तोवर कान कोरडा ठेवायचा: अंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन चोपडून कानाच्या तोंडाशी ठेवा. बाहेर आलेलं फडक्याने टिपा, आत काडी घालू नका, हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब तर नकोच. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.

मला खरी चीड येते ती वाहत्या कानाशी जुळवून घेण्याची. 'त्याचा कान दर पावसाळ्यात वाहतो, मोठा झाला की थांबेल.' दोन आठवड्यांहून जास्त वाहणारा कान हा वेगळा, जुनाट आजार आहे. त्यात पडद्याचं भोक कायमचं राहतं, ऐकू येणं कमी होत जातं, आणि घाण वास येणारा स्राव असेल तर हाड कुरतडणारी गाठ आत वाढत असू शकते. त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञच लागतात. खर्चाची अडचण असेल तर पुण्याच्या सरकारी ससून रुग्णालयात हा विभाग आहे. अंगणवाडीतल्या आणि सरकारी शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी होते, त्यात कानही येतात. तपासणीचं पथक आलं की त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि कान वाहतो हे तोंडाने सांगा.

कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं, मान ताठ होणं, चेहऱ्याची एक बाजू ओघळणं, मूल गुंगीत जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. तसंच दुभंगलेली टाळू किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांच्या नळीचं काम मुळातच कच्चं असतं. त्यांचे कान त्रास नसतानाही नियमित तपासून घ्यावेत.

टाळण्यासाठी काय करता येईल? सर्दी टाळता येत नाही, पण पहिले सहा महिने फक्त आईचं दूध मिळालेल्या बाळांना हा त्रास कमी होतो. बाटली लागतच असेल तर बाळाला पाळण्यात आडवं ठेवून तोंडात देऊ नका. आडव्या नळीत दूध उलट चढतं, डोकं उंच ठेवूनच पाजा. वाटी-चमचा त्याहून चांगला. सहा महिन्यांनंतर चोखणी हळूहळू सोडवा. आणि लस. न्यूमोकोकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि ९ महिने अशी. ती मुळात न्यूमोनिया आणि मेंदूज्वरासाठी. कानाचे सगळे आजार तिने थांबत नाहीत, पण काही थांबतात. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने याच जिवाणूवर न्यूमोसिल नावाची लस बनवली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली. आपल्या गावात झालेलं काम आहे, म्हणून मला ते सांगायला आवडतं. घाट उतरताना मात्र एक करा, बाळाला दूध पाजत राहा. गिळण्याने नळी उघडते.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते. दुखणं थांबतं, ताप जातो, घर सुटकेचा श्वास टाकतं. पण मधल्या कानातलं पाणी लगेच जात नाही. महिन्याभराने १०० पैकी साधारण ४० मुलांच्या कानात ते असतं, तीन महिन्यांनीही १० ते २५ मुलांच्या. ते दुखत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ऐकू मात्र कमी येतं, आपण कानात बोटं घालून बसावं इतकं.

गेल्या पावसाळ्यात अडीच वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला, आई आणि आजीबरोबर. आई म्हणाली, 'हा ऐकतच नाही. चार हाका मारल्या तरी वळत नाही, टीव्हीला नाक लावून बसतो.' आजी म्हणाल्या, 'कुकरची शिट्टी झाली की दचकतो, म्हणजे कान चांगलेच आहेत. हट्टी आहे, दुसरं काही नाही.' आपल्या भाषेत 'ऐकत नाही' म्हणजे कानाने ऐकत नाही आणि सांगितलेलं मानत नाही, दोन्ही. त्या एका शब्दाच्या आड किती मुलं रागावून घेत असतील, हे मला रोज जाणवतं. आजींचं निरीक्षण खरं होतं. शिट्टी मोठी असते, ती पाण्यातूनही पोचते. पोचत नाही तो मागून मारलेल्या हाकेचा शेवट, 'स', 'श', 'त' असे हलके उच्चार, 'घरात' आणि 'घरी' यांतला फरक. बोलायला शिकण्याच्या वयात हेच निसटतं.

मी त्याच्या कानात मऊ रबरी टोक ठेवलं. या तपासणीला टिंपॅनोमेट्री म्हणतात, काही सेकंदांत होते, दुखत नाही. यंत्र कानातला हवेचा दाब कमी-जास्त करतं आणि पडदा किती हलतो त्याची रेघ काढतं. निरोगी कानाची रेघ पर्वतीच्या टेकडीसारखी वर चढून खाली येते. याच्या दोन्ही कानांची आडवी, सपाट आली. पडद्यामागे पाणी होतं, पडदा हलत नव्हता. आईने कागद हातात घेतला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, 'मी त्याला मारलं हो परवा.'

अशा कानाला अँटिबायोटिकचा किंवा सर्दीच्या औषधांचा उपयोग होत नाही. तीन महिने थांबतात, कारण बहुतेक मुलांचं पाणी तेवढ्यात ओसरतं. नाहीच ओसरलं आणि ऐकणं कमी भरलं, तर पडद्यात ग्रोमेट नावाची बारीक नळी बसवतात. ती युस्टेशियन नळीचं काम करते आणि साधारण सहा महिने ते वर्षभरात आपोआप बाहेर पडते. थांबण्याच्या काळात घराने करायचं ते मी त्या दोघींना सांगितलं: टीव्ही बंद करून बोला, त्याच्यासमोर बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, लहान वाक्यांत. बालवाडीत बाईंना सांगून पुढे बसवा. घरी तपासायचं तर तो खेळात असताना हातभर मागे उभं राहून, त्याच्या आवडीच्या खाऊचं नाव कुजबुजत्या आवाजात घ्या आणि मान वळते का बघा. आठवड्यातून एकदा, वेगवेगळ्या दिवशी.

ते दिवाळीनंतर परत आले. उजव्या कानाची रेघ चांगली वर चढली, डाव्याची ठेंगणी का होईना, पण चढलीच. आवाज आला की लाकडी ठोकळा डब्यात टाकायचा, हा खेळ त्याने मी सांगायच्या आधीच सुरू केला. आजी शेजारी बसून बघत होत्या. म्हणाल्या, 'आता आम्हाला घरात हळू बोलावं लागतं. स्वयंपाकघरात डबा उघडला तरी बाहेरून विचारतो, काय काढलं?'